दिवसाचे टाचण
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या वर्षीचे व्याख्यान आम्ही द्यावे, असे सुचविण्यासाठी मंडळाचे चिटणीस आमच्या घरी आले, तेव्हा आम्हास प्रथम संकोचच वाटला. या व्यासपीठावरून आजवर नामवंत वकील, डॉक्टर आणि प्राध्यापक बोलून गेले आहेत. आम्ही पडलो जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि 1979 पासून 2016 पर्यंत सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविला. एवढीच काय ती आमची विद्वत्ता. परंतु चिटणीस म्हणाले, “गुरुजी, तुमच्या अनुभवातलाच विषय घ्या.” अनुभव म्हटल्याबरोबर आम्हास शाळेची घंटा आठवली आणि घंटेपाठोपाठ टाचणवही आठवली. म्हणून आज आपला दिवस आणि आपली कामे यांची सांगड कशी घालावी, या विषयावर चार शब्द बोलण्याचे योजिले आहे.

आपल्यापैकी कोणासही एखादे काम सांगावे, तर बहुधा पहिले उत्तर येते, “वेळ कुठे आहे?” हे उत्तर खोटे असते असे आमचे म्हणणे नाही. तरीपण दुकानदार ज्याप्रमाणे गल्ल्यात पैसे का उरले नाहीत हे वहीत पाहतो, त्याप्रमाणे आपण वेळेचा जमाखर्च कधी मांडून पाहतो काय?

आपल्या पूर्वजांनी अहोरात्राचे साठ भाग पाडले व एकेका भागास घटिका हे नाव दिले. एक घटिका म्हणजे 24 मिनिटे आणि साडेसात घटिका म्हणजे एक प्रहर. तांब्याच्या वाटीला बारीक छिद्र पाडून ती पाण्यात सोडीत. ती भरून बुडाली की एक घटिका झाली. लग्नघरी हे घटिकापात्र आपल्यातील काही वडीलधाऱ्यांनी पाहिलेले असेल. आता आपल्यातील एका नोकरदार गृहस्थाचा दिवस या मापाने मोजू. सात तास झोप, म्हणजे साडेसतरा घटिका. नोकरी आणि जाण्यायेण्याचा प्रवास मिळून अकरा तास, म्हणजे साडेसत्तावीस घटिका. स्नान, भोजन, बाजारहाट इत्यादींस तीन तास, म्हणजे साडेसात घटिका. बेरीज झाली साडेबावन्न. साठांतून वजा जाता साडेसात घटिका, म्हणजे पुरता एक प्रहर शिल्लक राहतो. हा प्रहर रोज कोठे जातो, हे विचारले तर सांगता येणार नाही. आम्हासही पुष्कळ वर्षे सांगता आले नसते. ते सांगण्याची पाळी आमच्यावर कशी आली, ती हकीकत आपल्यापुढे ठेवतो. ती आमच्या अभिमानाची नाही, हे आधीच कबूल करतो.

ही गोष्ट 1989 सालची. त्या वेळी आम्ही एका खेडेगावच्या शाळेत होतो. सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज भरून पाठविण्याचे काम आमच्याकडे होते. वर्गात एक मजुराची मुलगी होती. गणितात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. काही कागद मिळण्यास उशीर झाल्यामुळे तिचा अर्ज इतरांच्या मागून, दोन दिवसांनी आला. बाकीचे अर्ज रवाना झाले होते; मुदत मात्र अद्याप आठ दिवस होती. आम्ही तिला म्हटले, “ठेव, मी बघतो.” आणि अर्ज टेबलाच्या खणात ठेवला.

त्या आठ दिवसांत आम्ही आळसात पडून होतो काय? मुळीच नाही. नोव्हेंबर महिन्यात लोकसभेची निवडणूक होती, तिचे प्रशिक्षण होते. सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासावयाच्या होत्या. गावातील एका कार्याची यादी करून द्यावयाची होती, कारण आमचे अक्षर चांगले. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत आम्ही कामात होतो. अर्जाची आठवणही दोन वेळा झाली. दोन्ही वेळा ‘उद्या जाऊ’ असे मनाशी म्हटले. निवडणुकीचे काम आटोपून परत आलो, उत्तरपत्रिका ठेवण्यास खण उघडला आणि अर्ज हाती आला. मुदत संपून तीन दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी तालुक्यास जाऊन विनवणी केली. पण नियम तो नियम.

संध्याकाळी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो व चूक आमची आहे असे तिच्या वडिलांस स्पष्ट सांगितले. ते रागावतील, चार शब्द बोलतील, अशी मनाची तयारी केली होती. ते म्हणाले, “गुरुजी, तुम्ही काय मुद्दाम थोडंच केलंत? बसा, चहा घ्या.” मुलगी दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. तो चहा आम्हास कसा गेला, हे आमचे आम्हास ठाऊक. परीक्षेस बसली असती तर तिला शिष्यवृत्ती मिळालीच असती, असे कोणी सांगू शकत नाही. परंतु बसण्याची तिची संधी आमच्या खणात राहिली, हे खरे. पुढे आमची बदली झाली व ती कोठवर शिकली, हे आम्हास कळले नाही.

बंधुभगिनींनो, त्या रात्री आम्ही पुष्कळ विचार केला. ते काम अवघे अर्ध्या दिवसाचे होते. आम्ही ते विसरलो नव्हतो आणि टाळीतही नव्हतो. फक्त त्या कामाला आम्ही वार आणि वेळ नेमून दिली नव्हती. उत्तरपत्रिकांना तारीख होती, निवडणुकीला तारीख होती, कार्याच्या यादीसाठी तर माणूस दारात येऊन बसला होता. अर्जासाठी ओरडणारे कोणी नव्हते. जे काम ओरडते ते आपण आधी करतो आणि जे मुकाट्याने बसून राहते त्याच्यावर आपण नकळत अन्याय करतो. वास्तविक घरातील सर्वांत मोलाची कामे बहुधा मुकीच असतात. मुलाचा अभ्यास पाहणे, आईच्या डोळ्यांची तपासणी, जमिनीच्या कागदांवरील नावाची दुरुस्ती, आजारी मित्राची भेट ही कामे दार ठोठावीत नाहीत.

विशेष नवल असे, की या रोगावरील औषध रोज आमच्या हातात होते. ते म्हणजे टाचणवही. शिक्षक वर्षाच्या आरंभी वार्षिक नियोजन करतो, त्याचे महिन्यांत भाग पाडतो आणि आदल्या दिवशी उद्याच्या तासांचे टाचण काढतो. कोणता तास, कोणता घटक, कोणते साहित्य, हे सर्व त्यात असते. वर्गात उभे राहिल्यावर ‘आता काय शिकवू?’ असा विचार करणारा शिक्षक पस्तीस मिनिटांच्या तासातील दहा मिनिटे तेथेच घालवितो. हे आम्ही शाळेपुरते जाणत होतो. स्वतःच्या दिवसाचे टाचण काढावे, हे मात्र सुचले नव्हते. त्या हिवाळ्यात आम्ही शंभर पानी वही आणली. तेव्हापासून आजतागायत हा क्रम चालू आहे. त्यातून आम्हास जे गवसले, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, वही एकच असावी. कॅलेंडरवर थोडे, पाकिटावर थोडे, मोबाईलमध्ये थोडे आणि उरलेले डोक्यात, अशी कामे विखुरली की ती सापडत नाहीत. काम मनात आले की वहीत उतरावे. डोके हे विचार करण्यासाठी आहे. त्याची वखार करू नये. ज्या तरुणांना वहीऐवजी मोबाईल सोयीचा वाटतो त्यांनी तो खुशाल वापरावा, मात्र जागा एकच ठेवावी.

दुसरी गोष्ट, रात्री निजण्यापूर्वी उद्याची फक्त तीन कामे निवडावी आणि प्रत्येकापुढे वेळ लिहावी. ‘बँकेत जाणे’ एवढे लिहून भागत नाही. ‘मंगळवार, सकाळी साडेदहा, बँक, सोबत पासबुक व आधार कार्ड’ असे लिहावे. आरंभी उत्साहाच्या भरात आम्ही एकेका दिवशी सोळा-सतरा कामे लिहीत असू. संध्याकाळी चार झालेली आणि बाकीची उरलेली पाहून मन खट्टू होई. तीन लिहून तीन पुरी करणाऱ्यास उद्या पुन्हा वही उघडण्याची इच्छा होते.

तिसरी गोष्ट शाळेच्या वेळापत्रकातून शिकण्यासारखी आहे. गणितासारखा विषय शक्यतो पहिल्या तासांत ठेवतात. चित्रकला, कार्यानुभव, खेळ हे मागाहून येतात. कारण मुलांचे मन सकाळी ताजे असते. हाच नियम मोठ्यांसही लागू आहे. जे काम अवघड, ज्याची मनात धास्ती, ते दिवसाच्या आरंभी करावे. आपण नेमके उलट करतो. सकाळचा ताजा वेळ वर्तमानपत्र आणि मोबाईलवरील संदेश यांना देतो आणि हिशेबाची वही रात्री डोळे पेंगताना उघडतो.

चौथी गोष्ट, मोठ्या कामाचे घटिकांइतके लहान तुकडे करावे. अलीकडे आमच्या नातवाने एक गंमत सांगितली. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचे 1980 च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासात लक्ष लागेना. त्याने स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ घेतले, 25 मिनिटे लावले आणि तेवढा वेळ एकच काम करावयाचे, मग पाच मिनिटे विश्रांती, असा नेम ठेवला. आज ही पद्धत जगभर त्या टोमॅटोच्याच इटालियन नावाने ओळखली जाते. आम्ही नातवाला म्हटले, “अरे, ही तर आपली घटिका! फरक काय तो एका मिनिटाचा.” असो. एक घटिका एकच काम, आणि तोवर मोबाईल दुसऱ्या खोलीत, हा नियम आपण करून पाहावा. दहावीच्या मुलांनी तर अवश्य पाहावा.

या थेंबाथेंबाच्या कामाने केवढे तळे साचते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे मुंबईत वकिली करीत. एका ग्रंथास प्रस्तावना लिहावी म्हणून हाती घेतलेला विषय वाढत गेला आणि धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड 1930 साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांचे वय पन्नास होते. पाचवा खंड 1962 साली पुरा झाला, तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठांचे हे काम त्यांनी वकिली, अध्यापन, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद असे अनेक व्याप सांभाळून केले. 1963 साली त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. बत्तीस वर्षे एक काम न सोडणे, हीच त्यातील किमया. आपणांस साडेसहा हजार पृष्ठे लिहावयाची नाहीत. आपल्या कुळाची वंशावळ लिहून काढावयाची म्हटली तरी रोजची एक घटिका पुरे.

पाचवी गोष्ट कागदपत्रांची. घरात प्रत्येक वस्तूस जागा असते, कागदांस मात्र नसते. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, सातबारा, विम्याची पॉलिसी, मृत्युपत्र हे एका पेटीत, प्रत्येकी एका वेगळ्या फाईलमध्ये, वर नाव घालून ठेवावे आणि ती पेटी कोठे आहे हे घरातील किमान दोघांस ठाऊक असावे. घरचा कर्ता पुरुष अकस्मात गेला आणि दुःखाच्या त्या दिवसांत कुटुंबाने कागद शोधीत कपाटे उपसली, असे प्रसंग आपण आपल्याच ज्ञातीत पाहिले आहेत.

आता सेवानिवृत्त बंधूंसाठी एक अनुभव. निवृत्त होताना आम्हास वाटले, की आता वेळच वेळ. अपुरे राहिलेले वाचन करू, तीर्थयात्रा करू, नातवंडांस पाढे शिकवू. पहिल्या दोन वर्षांत यातील एकही गोष्ट धड झाली नाही. वीजबिल भरणे हे पूर्वी शाळेतून येता येता होणारे काम आता एक अख्खी सकाळ घेऊ लागले. पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने 1955 साली एका साप्ताहिकात गमतीने एक सिद्धांत मांडला. हाती जेवढा वेळ असेल तेवढे काम फुगत जाते, असा तो सिद्धांत. त्यासाठी त्याने एका वृद्ध बाईंचा दाखला दिला आहे. भाचीला एक साधे कार्ड पाठविण्यात तिचा संपूर्ण दिवस जातो. चष्मा शोधणे, पत्ता शोधणे, पेटीपर्यंत जाताना छत्री घ्यावी की नाही याचा विचार करणे! ते वाचून आम्ही मनमुराद हसलो आणि लगेच ओशाळलो, कारण त्या बाई आणि आम्ही यांत काही अंतर उरले नव्हते. तेव्हा निवृत्तांनी वही अधिक काटेकोर ठेवावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

येथवर ऐकून कोणास वाटेल, की गुरुजींचा दिवस घड्याळासारखा चालत असेल. तसे नाही. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या आत्मचरित्रात तेरा सद्गुणांची यादी व चोवीस तासांचे वेळापत्रक दिले आहे. आणि त्यांपैकी व्यवस्थितपणा हा गुण आपणांस सर्वांत जड गेला, असेही मोकळेपणाने लिहिले आहे. एवढ्या मोठ्या पुरुषाची ही स्थिती, तर आपण आठवड्यातून दोन दिवस चुकलो म्हणून वही फेकून देण्याचे कारण नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा उघडावी.

आता एका गोष्टीविषयी बोलल्याखेरीज हे व्याख्यान प्रामाणिक ठरणार नाही. वही सुरू करून बरीच वर्षे झाली होती. आमच्या वक्तशीरपणाची गावात ख्याती झाली होती. एके रात्री आम्ही टाचण काढीत असता आमचे कुटुंब म्हणाले, “अहो, तुमच्या वहीत माझं काम कुठं लिहिता?” आम्ही थट्टेने घेतले. पण त्यांनी पुढे म्हटले, “तुमची सातची गाडी चुकत नाही, कारण मी साडेचारला उठते. तुमची वाचनाची घटिका मोडत नाही, कारण त्या वेळी दार मी उघडते, पाहुण्यांना चहा मी देते.” आम्ही निरुत्तर झालो. जी बचत आम्ही आपल्या खाती मांडीत होतो, ती बऱ्याच अंशी दुसऱ्याच्या खात्यातून उचललेली होती.

दुसऱ्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढविला. सायंकाळी साडेसात ते साडेआठ हा तास त्यांचा. त्या तासात दार आम्ही उघडावयाचे, कुकर आम्ही लावावयाचा, पाहुण्यांचे आम्ही पाहावयाचे. पहिला कुकर भाताऐवजी पेज देऊन गेला, हेही सांगतो. त्या तासात त्यांनी काय करावे हे विचारण्याचा अधिकार आम्हास नाही. पण तीन वर्षांत त्यांनी संपूर्ण ज्ञानेश्वरी अर्थासह वाचून काढली, जी आमच्याने अद्याप झालेली नाही. बंधूंनो, आपल्या घरातील वेळेचा हिशेब मांडताना ही नोंद अवश्य तपासा. सुनेला, मुलीला, आईला दिवसातील एक तरी घटिका अशी आहे काय, की जी तिला कोणी मागणार नाही?

शेवटी आपल्या मंडळाविषयी. अध्यक्ष महाराजांनी क्षमा करावी. परंतु आजच्या निमंत्रणपत्रिकेवर दहाची वेळ होती आणि दीपप्रज्वलन पावणेअकराला झाले. सभागृहात दोनशे मंडळी असावीत. दोनशे जणांची प्रत्येकी पाऊण तासाची वाट म्हणजे दीडशे तास, म्हणजेच सव्वासहा अहोरात्र! वेळेवर आलेल्यांनी उशिरा आलेल्यांचा दंड भरावा, ही रीत न्यायाची नव्हे. अशाने पुढच्या वर्षी वेळेवर येणारेही उशिरा येऊ लागतात. विवाहप्रसंगीही तेच. जोशीबुवांकडून मिनिटापर्यंतचा मुहूर्त काढून घ्यावयाचा आणि वऱ्हाडाची मिरवणूक संपेपर्यंत तो डोळ्यांदेखत टळू द्यावयाचा, यात ना शास्त्र आहे ना सोय. आमची नम्र सूचना अशी, की पुढील वर्षापासून मंडळाचा प्रत्येक कार्यक्रम, मग सभागृहात दहाच मंडळी असोत, छापील वेळेस सुरू करावा. दोन वर्षे थोडा त्रास होईल; तिसऱ्या वर्षी सभागृह वेळेवर भरेल. शाळेच्या घंटेचा आम्हास हाच अनुभव आहे.

आता समारोप करतो. आपण सर्वांनी आजच वही आणावी, असा आमचा हट्ट नाही. एवढेच करावे. घरी गेल्यावर टेबलाचा खण उघडून पाहावा. ‘ठेव, मी बघतो’ असे सांगून कोणाचा तरी कागद आपण तेथे ठेवलेला असेल. तो बाहेर काढावा, त्यावर वार आणि वेळ लिहावी आणि त्या वारी त्या वेळेस घराबाहेर पडावे. तो कागद कोणाच्या तरी मुलीचा असू शकेल.

चिटणिसांनी नेमून दिलेली वेळ संपण्यास दोन मिनिटे शिल्लक असल्याची नोंद करून, आम्ही आपली रजा घेतो. इत्यलम्.